बाजू ब, शेवटची सात मिनिटे

गेल्या आषाढात माझ्याकडच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचे काम एकदाचे हाती घेतले. काम कसले, टेपरेकॉर्डर चालू करायचा आणि फीत आपल्या गतीने संपेपर्यंत दुसरे काहीतरी करीत बसायचे. उत्तरपत्रिका तपासण्याशी ते चांगले जमते. त्या दिवशी 'धवळे, तळवली, मे २००३' असे माझ्या तेव्हाच्या टापटीप अक्षरात लिहिलेली नव्वद मिनिटांची कॅसेट लावली होती. बाजू ब. अडतिसाव्या मिनिटाला आजीचा आवाज थांबला. ही जागा मला पाठ आहे. आजी खोकते, पाणी मागते आणि मग 'खट्' असा आवाज येतो. बावीस वर्षांत ही फीत मी पंधरा-वीस वेळा तरी ऐकली असेन, आणि दर वेळी या 'खट्'वर हात पुढे करून यंत्र बंद केले आहे. या वेळी हातात तांबडा पेन होता. यंत्र चालूच राहिले, आणि आजीच्या मागोमाग त्याच फितीवर बेंजो वाजू लागला.

तो कुणाचा हे कळायला अर्धे मिनिटही लागले नाही, आणि तो तेथे कसा आला हे आठवायला त्याहूनही कमी.

२००३ साली मी मुंबई विद्यापीठात मराठी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी क्षेत्रीय संकलन करायचे होते. दुर्गाबाई भागवतांचे 'लोकसाहित्याची रूपरेषा' नुकतेच वाचलेले, सरोजिनी बाबरांनी संपादित केलेले लोकगीतांचे खंड ग्रंथालयातून घरी आणलेले, आणि त्याआधीच्या वर्षी महदाइसेचे 'धवळे' अभ्यासलेले. तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री, मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव परीक्षेत लिहायचे, तिने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी रचलेली ही रुक्मिणी-स्वयंवराची गीते. आणि माझी आजी लग्नात जे गायची त्यालाही धवळेच म्हणत! आगरी समाजात धवळारीण केवळ गाणारी नसते. हळदीपासून पुढचे विधी तिच्या गाण्याच्या आधाराने चालतात. तिचे स्थान पुरोहिताचे असते. आमच्या आळीत ते आजीचे होते. सातशे वर्षे ओलांडून एक शब्द आमच्या ओटीवर येऊन बसला आहे या जाणिवेने मी तेव्हा किती हरखून गेलो होतो, हे आज सांगूनही पटायचे नाही. घरातली एकही गोष्ट तोवर मला अभ्यासक्रमात भेटली नव्हती.

चुलत बहिणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी आजी गायला तयार झाली. टेपरेकॉर्डर मित्राचा होता. कोरी कॅसेट आणायची राहून गेली होती. काकांच्या कपाटात दहा-बारा कॅसेट होत्या. त्यांतली एक नव्वद मिनिटांची मी उचलली. तिच्यावर 'बेंजो, शाळा, १९८७' अशी चिठ्ठी होती. ज्यांनी कॅसेट हाताळल्या आहेत त्यांना आठवत असेल, की तिच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असत. त्या मोडून टाकल्या की तिच्यावर पुन्हा काही मुद्रित करता येत नसे. काकांनी दोन्ही मोडलेल्या होत्या. मी त्या दोन्ही खाचांवर सेलोटेप चिकटवली, चिठ्ठी सोलून काढली आणि माझी लावली. याला अजाणतेपणा म्हणता येणार नाही. सेलोटेप आणायला मी माळ्यावर चढलो होतो.

पुढच्या ओटीवर काकांच्या पार्टीचा सराव चालू होता. बेंजो आत ऐकू येतो म्हणून मी तो थांबवायला सांगितला. "तुझ्या मशीनला बरा वाटंल," एवढेच बोलून काकांनी अ‍ॅम्प्लिफायरचे बटण बंद केले आणि पोरांना घरी पाठवले. आजीला मात्र हे रुचले नव्हते. "बंद कशाला केलास?" असे ती विचारते, ते फितीच्या अगदी आरंभी आहे. माझ्या संकलनाच्या वहीत मात्र मी हे वाक्य उतरवले नाही.

आता बेंजोविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडच्या सुशिक्षितांना तो गणपतीच्या मिरवणुकीतील गोंगाटापलीकडे ठाऊक नसतो. मीही त्यांतलाच होतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतील बँजोशी नावापुरताच संबंध आहे. हे वाद्य मूळचे जपानचे. १९१२ साली, म्हणजे तैशो राजवटीच्या पहिल्याच वर्षी, नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने ते बनवले. म्हणून त्याचे नाव 'तैशोगोतो'. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा, आणि डाव्या हाताने दाबायच्या टंकलेखन यंत्रासारख्या कळा. उजव्या हाताने नखीने तार छेडायची. आपल्याकडे ते 'बुलबुल तरंग' झाले, बलुचिस्तानात 'बेंजू' झाले आणि मुंबई-ठाण्याच्या चाळींत व गावठाणांत 'बेंजो'. तारेवर थेट बोट ठेवावे लागत नसल्याने सूर चुकण्याचे भय कमी. गुरू परवडत नसलेल्या माणसाला ते वाद्य आपलेसे वाटले यात नवल नाही. उणीव एवढीच, की त्याचा आवाज फार लहान. स्वर उमटतो आणि विझतो. तो टिकवायचा तर नखी सतत थरथरत ठेवावी लागते, आणि त्या थरथरीतूनच त्याचा तो ओळखीचा, काहीसा रडवेला नाद तयार होतो.

फितीवर उरलेल्या सात मिनिटांत ऐकू येतो तो हाच लाकडी बेंजो. वीज नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही. आमच्या मराठी शाळेचा व्हरांडा, रात्रीची वेळ, मध्ये ठेवलेला 'टू-इन-वन' आणि त्याचा अंगचा मायक्रोफोन. बेंजो, ढोलकी, खंजिरी आणि बहुधा पत्र्याचा डबा. सुरांच्या बरोबरीने कळांचा 'टक टक' आवाज स्पष्ट येतो; एखादी म्हातारी घाईघाईने सुपारी कातरत असावी तसा. मागे बेडूक ओरडताहेत. शाळेच्या पाठीमागे तेव्हा भातशेती होती. माझ्या ऐकण्यात बेंजोचा आवाज नेहमी मोठाच होता. काकांचा हात इतका हळुवार पडत असे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

काका तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पाळीने जात. त्यांच्या पिढीची गोष्ट या पट्ट्यात सर्वत्र सारखीच आहे. आधी औद्योगिक वसाहत आली, १९७० साली सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच माणसे गेली, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. शेती गेलेल्या घरांतील विशी-पंचविशीची मुले संध्याकाळी काय करणार? कुणी क्रिकेटचे संघ काढले, कुणी भजनी मंडळे, काकांनी बेंजो पार्टी. हेच ते दशक, ज्यात कॅसेटने ग्रामोफोन कंपन्यांची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात या उलथापालथीचा सविस्तर वेध घेतला आहे. तबकडी काढायला कंपनी लागे, कॅसेटला 'टू-इन-वन' पुरे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्या रात्री जे घडले ते त्या इतिहासातलेच एक बारीकसे कलम म्हणावे लागेल. त्याची एकच प्रत होती.

विजेकडे ही मंडळी वळली ती १९९० च्या सुमारास. त्यामागे कोणताही सौंदर्यविचार नव्हता. गावातल्या वराती शेतातल्या पायवाटेवरून जात तोवर लाकडी बेंजो पुरत होता. मग वराती हमरस्त्याला लागल्या, शेजारून मालट्रक जाऊ लागले, घरांवर मजले चढले, मांडव गल्लीभर पसरले आणि मागच्या रांगेला काही ऐकू येईना. कारखान्यातल्या एका वीजतंत्र्याने जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधले चुंबक काढून, त्याभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळून ते तारांखाली बसवून दिले, आणि तो तुकडा भाड्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. पहिल्या वेळी म्हणे इतका कर्कश आवाज आला, की मांडवातली कुत्री पळाली. काका ही गोष्ट अभिमानाने सांगतात. पुढे एको आला, कॅसिओ आला, ऑक्टोपॅड आला. ढोलकी उरली, खंजिरी गेली.

इथे थोडे विषयांतर करतो. २०१६ च्या १३ ऑक्टोबरला बॉब डिलनला साहित्याचे नोबेल जाहीर झाले आणि महिन्याभरात आमच्या महाविद्यालयात 'गीत की कविता?' या विषयावर चर्चासत्र भरले. इंग्रजी विभागाच्या सहकाऱ्यांनी मला ओढले आणि मी महिनाभर तयारी केली. लोकगीतांच्या परंपरेतून आलेला हा तरुण गायक १९६५ च्या मार्चमधील 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम' या तबकडीची एक बाजू विजेच्या वाद्यांना देतो आणि दुसरी लाकडी गिटारला. त्याच वर्षी २५ जुलैला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेची गिटार घेऊन उभा राहतो आणि श्रोते हुर्यो उडवतात. १९६६ च्या १७ मे रोजी मँचेस्टरला तर प्रेक्षागृहातून त्याला उद्देशून 'जुडास' अशी आरोळी येते. (त्या मैफलीची चोरटी ध्वनिमुद्रणे कित्येक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावावर फिरत राहिली, अधिकृत तबकडी १९९८ मध्ये निघाली. चिठ्ठी चुकीची लावण्यात मी एकटा नाही.) हे सारे मी फार रंगवून सांगितले. परंपरा म्हणजे संग्रहालय नव्हे, ती जिवंत राहते ती आपल्या काळाचे वाद्य हाती घेऊन, असेही काहीतरी बोललो. टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात तळवलीत कुणाचीशी हळद होती, आणि मी खिडक्या लावून, कानांत कापूस घालून त्या व्याख्यानाचा लेख पूर्ण करीत बसलो होतो. बाहेर काकांच्या पार्टीचा बेंजो वाजत होता. नोबेलच्या बातमीआधी तीनच आठवडे रवी जाधवांचा 'बेंजो' हा हिंदी चित्रपट आला होता. रितेश देशमुख त्यात मुंबईच्या रस्त्यावरचा बेंजोवादक झाला होता. चुलत भावंडे मोठ्या आग्रहाने बोलवत असताना मी तोही पाहायला गेलो नाही.

न्यूपोर्टच्या प्रसंगातली एक गोष्ट मात्र मी व्याख्यानात घाईने उरकली होती. पीट सीगर हा डिलनला वडीलधारा असलेला लोकगायक त्या दिवशी संतापला, कुऱ्हाड असती तर विजेची तारच तोडली असती असे म्हणाला, अशी कथा आहे. पुढे सीगरने सांगितले ते असे, की त्याचा राग विजेवर नव्हता. आवाजाच्या गदारोळात शब्द ऐकू येत नव्हते यावर होता. लोकगीतवाल्यांचा जीव शब्दांत असतो. माझाही होता. आमचा सारा लोकसाहित्याचा अभ्यास शब्दांचा; ओव्या, धवळे, भलरी सारे काही छापील पानावर, चालीविना. १९६९ साली इंग्लंडच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शनने 'लीज अँड लीफ' ही तबकडी काढली तेव्हा त्यांनी ग्रंथालयातून जुनी बॅलड शोधून काढून त्यांना विजेची गिटार दिली. म्हणजे शब्द तेथेही आधी आले.

बेंजो पार्टीत शब्द नसतातच. गायक असला तर असला. मूळ रिवाज फक्त चाल वाजवण्याचा. आणि तरी 'मी डोलकर' सुरू झाले की साठीच्या बाया आणि सहावीतली पोरे ओठ हलवू लागतात. शब्द ऐकणाऱ्यांच्या तोंडात असतात. शान्ताबाई शेळक्यांचे गीत, हृदयनाथांची चाल, लताबाईंच्या जोडीला हेमंतकुमारांसारखा बंगाली आवाज. कोळ्यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गाणे स्टुडिओत जन्मले, आणि तरी खाडीकाठच्या गावांनी ते आपले म्हणून ठेवून घेतले. वेसावकर मंडळींच्या कॅसेटचेही तसेच. बेंजोने शब्द मारले हा माझा जुना आरोप मी म्हणूनच मागे घेतो. शब्द आधीच ठाऊक असल्याखेरीज बेंजो चालतच नाही.

पण सगळाच आरोप मागे घेता येत नाही, आणि येथे मी काकांशीही भांडलो आहे. धवळा लांब असतो. तो विधीबरोबर चालतो, थांबतो, पुन्हा उचलला जातो. मधल्या शांततेत बाया पुढची ओळ आठवतात, एखादी नवशिकी चुकते आणि तिला सांभाळून घेतले जाते. धवळारीण अशीच तयार होत असे. आरंभी बेंजो त्या शांततेत वाजे. मग शांतता आखूड झाली. मग धवळाच बेंजोच्या दोन गाण्यांमधल्या फटीत येऊन बसला. आजीची जागा घ्यायला कुणी उरले नाही. २००७ साली ती गेली तेव्हा आमच्या आळीत पूर्ण धवळा येणारी बाई नव्हती. याचा दोष सर्वस्वी विजेवर टाकणे सोपे आहे. सुनांना नोकऱ्या लागल्या, पुरोहिताला बोलावणे प्रतिष्ठेचे झाले, पत्रिकेत मुहूर्ताचे मिनिट छापले जाऊ लागले. पण आवाजाचाही वाटा होता, आणि तो मान्य करायला काका अजून तयार नाहीत. 'रात्री दहानंतर बंद करतोच की,' हे त्यांचे उत्तर. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहाची मर्यादा पक्की केली. दहानंतर बायांना गायला कुणी अडवले आहे, असे ते विचारतात. खरे आहे. दहानंतर मांडवात बसायला कुणी थांबत नाही, हेही खरे.

आता तर काळ आणखी पुढे गेला. डीजेच्या भिंतींपुढे काकांची पार्टी म्हातारी झाली आहे, आणि आमच्याच गल्लीतल्या एका लग्नपत्रिकेत मी 'पारंपरिक बेंजो' असे शब्द वाचले. टेलिफोनच्या चुंबकाला पस्तीस वर्षे झाली, एवढ्यात परंपरा!

कॅसेटविषयी काकांना सांगावे की नाही, यात पंधरा दिवस गेले. त्यांनी ती एकदाच विचारली होती, आजीच्या तेराव्याला. 'शाळेतली ती बेंजोची कॅसेट तुझ्याकडं हाय काय?' मी शोधतो म्हणालो. त्याऐवजी आजीच्या धवळ्यांची प्रत त्यांना करून दिली, अर्थात 'खट्'पर्यंतचीच. त्यांनी ती घेतली आणि पुन्हा कधी विचारले नाही. त्यांना सारे ठाऊक होते की काय, असे मला नंतर वाटत राहिले.

शेवटी एका रविवारी फोनमध्ये ती सात मिनिटे घालून गेलो. काकांना उजव्या कानाने आता जवळपास ऐकू येत नाही. पार्टीत त्यांच्या उजव्या हातालाच स्पीकर असे. डाव्या कानाशी फोन धरून त्यांनी पहिले गाणे ऐकले. चेहऱ्यावर काही दिसेना. मग म्हणाले, "ढोलकी पलते बघ." ढोलकी वाजवणारा त्यांचा मित्र जाऊन दहा वर्षे झाली. पत्र्याचा डबा कुणाचा, खंजिरी कुणाची, मध्ये खोकला तो कोण, हे त्यांनी ओळीने सांगितले. मी सगळी हकीकत सांगून टाकली. सेलोटेपपर्यंत.

"ती पट्टी मी मोरलेली ना रं?" त्यांनी विचारले. मोरलेली म्हणजे मोडलेली. मी हो म्हणालो. ते काही बोलले नाहीत. फोन पुन्हा कानाला लावला.

फितीच्या अगदी अखेरीस, ढोलकी थांबल्यावर, बेंजो एकटाच मिनिटभर वाजतो. संथ, अडखळत, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत. मला तो धवळा वाटला होता. आजी हळद दळताना घ्यायची त्या चालीच्या अगदी जवळचा. दोन आठवडे मी ती जागा आजीच्या फितीशी ताडून पाहत होतो आणि मनातल्या मनात एक निबंधही रचू लागलो होतो. काकांना तसे सांगितले.

"ता धवला कुठला? तार लावतंय मी."

आतून काकी ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी पुन्हा लावायला सांगितले, उभ्या उभ्या ऐकले आणि म्हणाल्या, "धवलाच हाय. आयेचा." काका म्हणाले, वाजवत मी होतो की तू? काकी म्हणाल्या, तुमचा कान गेलाय. मग दोघांचे बराच वेळ चालले. मी निघालो तेव्हा काकांनी ते 'शाळेतले' पार्टीच्या ग्रुपवर टाकायला सांगितले. कॅसिओवरच्या नव्या पोराला लय कळत नाही, तो फार पळतो, त्याने ऐकावे म्हणून. काकींनी दारातून ओरडून सांगितले, शेवटचे मिनिट तोडू नकोस.